उतार पाहणारे मामाजी

आमच्या गावात हल्ली कुणाचंच काही चुकत नाही. एकाची म्हैस दुसऱ्याच्या धानात शिरून अर्धी बांधी फस्त करते, आणि म्हशीचा मालक पानठेल्यावर खर्रा चोळत सांगतो, "उतारच तसा होता गा." नळाला आठ दिवस पाणी नसतं, विचारायला जावं तर उत्तर तेच, उतार. पोरगा बारावीत नापास झाला, बाप हसतो आणि म्हणतो, उतार. हा शब्द कानावर पडला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा शब्द यांच्यापैकी कुणाचाही नाही. ज्या माणसाचा होता त्याला याच लोकांनी समाजमंदिरात बसवून कामावरून काढलं, आणि काढण्याचा ठराव माझ्या अक्षरात आहे.

ते आमच्या तलावाचे पाणकर होते. सानगडीहून लाखांदूरच्या अंगाला गेलं की आमचं गाव लागतं. गाव लहान आणि तलाव मोठा. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी पाटाने बांधीबांधीला, धानाच्या तुकड्या-तुकड्याला, पोचवणारा माणूस. कुणाला आधी द्यायचं, कुणाला मागून, किती वेळ द्यायचं, हे तो ठरवतो आणि खळ्यावर प्रत्येक घर त्याच्या वाट्याचं धान काढून ठेवतं. मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते माझे कुणी नव्हते, पण सासऱ्याच्या वयाच्या माणसाला सुनेने मामाजी म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. घराणं त्यांचं ढिवरांचं. भाऊ, पुतणे सगळे याच तलावात जाळी टाकत. तलावाच्या पाण्यावर धान शेतकऱ्यांचं, मासे ढिवरांचे, आणि दोघांच्या मधे हा एकटा माणूस. दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत, निदान मी तरी तसं समजत होते.

तलावातून पाटात पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. आमचं तुडुम जुनं, दगडी पायऱ्यांचं. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी दट्ट्या. पाणी जसजसं खाली जाईल तसतसा खालच्या पायरीचा दट्ट्या काढायचा. फक्त शेवटचा काढायचा नाही. शेवटची पायरी माशांची, असा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोडलाही नव्हता. धान वाळलं तरी चालेल, त्या दट्ट्याला हात लावायचा नाही.

मामाजींच्या हातात कायम एक काठी, आणि काठीला आडवी बांधलेली प्लास्टिकची बाटली. बाटली अर्धी पाण्याने भरलेली. जमिनीचा उतार पाहायचं हे त्यांचं यंत्र. शेतात ठीक आहे, पण हा माणूस कुणाच्याही घरी गेला तरी आधी बाटली टेकवायचा. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. उद्घाटनाच्या दिवशी सगळे पेढे खात होते आणि हे काउंटरवर बाटली ठेवून म्हणाले की तुझं दुकान उत्तरेला झुकलं आहे, पेन ठेवशील तर गडगडेल. मी पेन ठेवला. गडगडला. पेढा खाऊन झाल्यावर ते काउंटरखाली सरपटले आणि तिथे पत्र्याचा तुकडा सारून वर आले. तेव्हापासून पेन जागच्या जागी राहतो.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पाणी जसं उताराने जातं तसाच माणूसही जातो. पाण्यावर कुणी रागावतं का? मग माणसावर कशाला? "मानूस नोको पाहू, उतार पाह्य." हे वाक्य ते दिवसातून चार वेळा म्हणत. 'करायला पाहिजे होतं', 'करायला नको होतं' हे शब्द त्यांच्या तोंडात कधी आले नाहीत, आणि दुसऱ्याच्या तोंडून आले की ते त्याला तिथेच धरत. कुणी म्हणालं, मला अमुक करता आलं असतं, की लगेच प्रश्न यायचा, "मंग काहून नाही केलं?" समोरचा कारण सांगायचा. त्या कारणाचं कारण विचारायचे. मग त्याचंही. शेवटी समोरचा गप्प झाला की मान हलवायचे, "हा, तोच उतार."

माझं आणि त्यांचं या गोष्टीवर बारा वर्षं वाजलं. मी भंडाऱ्याला बी.ए. केलेली बाई. मला वाटे की एवढं साधं कोडं या अंगठाछाप माणसाला मी सहज सोडवून दाखवीन. एकदा मी दुकानात हात वर केला आणि म्हटलं, हा पाहा, मी माझ्या मर्जीने उचलला. ते म्हणाले की मी बोललो नसतो तर तू उचलला असता का? एकदा दुधाचा आणि कोरा, असे दोन चहा पुढे ठेवले आणि म्हटलं, निवडा, तुम्ही मोकळे आहात. त्यांनी कोरा उचलला आणि सांगितलं की सकाळपासून पोटात जळजळ आहे, मी कुठे निवडला, पोटाने निवडला. मग दोन्ही चहा तेच प्याले, कारण दुधाचा वाया जाईल. मी चिडले की त्यांना फार आनंद व्हायचा, आणि तेसुद्धा ते कबूल करत.

एक वाद मात्र चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. बी.ए. झाल्यावर मला नागपूरला पुढे शिकायचं होतं. प्रवेश मिळाला होता, मैत्रिणीकडे राहायची सोय झाली होती, आणि माझ्या वडिलांनी बॅग भरलेली असताना नाही म्हटलं. सहा महिन्यांत लग्न. हे मी कुणाला सांगत नाही, त्या दिवशी का सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, माझ्या बापाला करता आलं असतं. प्रश्न ठरलेलाच होता. मी म्हटलं, भ्याले म्हणून. कुणाला भ्याले? भावकीला. काहून भ्याले? असं करत करत त्या माणसाने मला माझ्या आजोबांपर्यंत नेलं, आत्यापर्यंत नेलं, आत्याचं जे झालं होतं आणि ज्यावरून भावकीने वडिलांना वर्षभर पंगतीत बसू दिलं नव्हतं, तिथपर्यंत नेलं. शेवटी मला वडिलांची कीव यायला लागली. मी पंधरा वर्षं जपलेला राग, माझा स्वतःचा, हक्काचा राग, या माणसाने माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन काढून घेतला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी वडिलांना फोन केला. पण तो राग मला आजही परत हवा आहे, हेही इथे लिहून ठेवते.

त्यांच्या बायकोचं मात्र वेगळं होतं. मामीजींना राग यायचा, आणि भरपूर यायचा. त्यांची शेळी चोरीला गेली तेव्हा मामाजी चोराच्या घरी जाऊन त्याच्या पोराच्या आजारपणाची चौकशी करून आले. मामीजी मागून गेल्या, त्याच्या अंगणात उभ्या राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोलल्या आणि शेळी सोडवून आणली. मी हसले तर म्हणाल्या, "यायच्या वाट्याचाबी राग मलेच कराव लागते. दोघायचा राग एकटीनं करून राहिली मी, चाळीस वर्सं झाले."

लोकांनी त्यांचं वाक्य उचललं, पण अर्धंच उचललं. आटाचक्कीवाल्याची गोष्ट सांगते. त्याने एका वर्षी पाट फोडून दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या बांधीत वळवलं. रंगेहाथ सापडला. लोक दंड ठोकायला निघाले होते. मामाजींनी त्याचा उतार काढला. बायको भंडाऱ्याला दवाखान्यात, हा तिच्यापाशी, म्हणून पाळी चुकली, आणि बांधी उंचावर, म्हणून उरलंसुरलं पाणी चढत नाही. दंड टळला. इथपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आहे. पण दुसऱ्या दिवशी मामाजी कुदळ घेऊन गेले आणि चार दिवस राबून त्या उंच बांधीसाठी वेगळी नाली काढून दिली, हे कुणाच्याच लक्षात नाही. माजी सरपंचांनी घराच्या जोत्यासाठी तलावाच्या पारीतला, म्हणजे बांधातला, मुरूम उचलला तेव्हाही तसंच. उतार सापडला, सरपंच सुटले, आणि दुसऱ्या दिवसापासून मामाजी त्यांनाच सोबत घेऊन पारीत मुरूम भरू लागले. उतार पाहायचा तो बदलण्यासाठी, असं त्यांचं होतं. गावाला तो पाहून घरी जाण्यासाठी हवा होता.

आता ते वर्ष. पावसाने पोळ्यानंतर जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. धान पोटरीत आलेलं, म्हणजे लोंबी पोटात धरून उभं. या वेळी पाणी चुकलं की दाणा पोचट. मामाजींनी वरच्या पायरीपासून एकेक दट्ट्या काढत पाणी पुरवत आणलं आणि शेवटच्या पायरीवर थांबले. बहुतेकांचं भिजलं होतं. पाटाच्या शेपटाला असलेल्या दोन-तीन घरांचं राहिलं, त्यात आमचं एक. माझा नवरा तेव्हा घरात कुणाशी नीट बोलत नसे.

याच दिवसांत रेशनकार्डाचं केवायसी आलं. मामाजी माझ्या दुकानात आले, मशीनवर अंगठा ठेवला, मशीन म्हणालं नाही. दुसरा ठेवला, नाही. दहाही बोटं झाली. चिखल, लाकडी दट्टे आणि चाळीस वर्षांचं पाणी यांनी त्यांच्या बोटांवर रेघ म्हणून ठेवली नव्हती. मीच त्यांना सांगितलं की लाखांदूरला केंद्रावर डोळ्यांनी ओळख पटवतात, उद्या पहिल्या एसटीने जा, गर्दी असते, वेळ लागला तर साळीकडे राहा. ते पाणी सोडून जायला तयार नव्हते. मी म्हटलं, आता सोडायला उरलंय काय, शेवटचीच तर पायरी आहे. हे बोलणं चाललं तेव्हा माझा नवरा दुकानात खुर्चीवर बसून मोबाइल पाहत होता.

दुसऱ्या दिवशी पाटात पाणी आलं. सगळ्यांनी पाहिलं. मामाजी गावात नाहीत, हे एसटीवर सोडायला गेलेल्या मामीजींना, मला आणि माझ्या नवऱ्याला सोडलं तर कुणाला ठाऊक नव्हतं. पण शेवटची पायरी बंद असताना हे पाणी कुठून आलं, एवढा प्रश्न पडायला शहाणपण लागत नाही. कुणालाच पडला नाही. पाणी दिसलं, पाणकराने सोडलं असेल असं प्रत्येकाने स्वतःला सांगितलं आणि आपापल्या बांधीचं तोंड उघडलं. ज्यांचं भिजलेलं होतं त्यांनीही उघडलं. आटाचक्कीवाल्याने त्याच नालीतून घेतलं. दुपारी माझा नवरा जेवायला आला तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत तलावाचा काळा गाळ होता. शेताचा चिखल तसा नसतो. मी पाहिलं, आणि भात वाढला.

मामाजी त्याच्या पुढल्या दिवशी दुपारी परत आले तोवर तलावात गाळ उरला होता आणि गाळात मासे तडफडत होते. आषाढात सोडलेलं बीज, रोहू, कतला, अजून वाढायचं होतं. ढिवरांच्या बाया-माणसं टोपल्या घेऊन आत उतरली आणि जे हाताला लागलं ते त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या गाडीत गेलं, बाकीचं वास मारत पडलं. मामाजींचा सख्खा पुतण्या पारीवर उभा राहून त्यांना जे बोलला ते मी लिहीत नाही. मामाजी तुडुमापाशी बसून दट्ट्या हातात फिरवून पाहत होते.

दोन दिवसांनी समाजमंदिरात बैठक झाली. मी पाणी समितीची सचिव, कारण माझं अक्षर चांगलं आणि बाई असल्याने कुणी कुणाची बाजू घेतली असं म्हणत नाही. ढिवर म्हणत होते, कुणाचा तरी जबाब द्या. शेतकऱ्यांना जबाब हवाच होता, फक्त स्वतःचा नको होता. पाणी सगळ्यांनी घेतलं होतं. तेव्हा दट्ट्या कुणी काढला हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पाणी कुणी घेतलं इथवर आलं असतं.

आटाचक्कीवाला उठला. म्हणाला की पाणकर पारीवर असायला पाहिजे होता. माजी सरपंच म्हणाले की एवढ्या जबाबदारीच्या दिवसांत लक्ष ठेवायला पाहिजे होतं. मग सगळेच बोलू लागले. पाहिजे होतं, पाहिजे होतं. ज्यांना ज्यांना या माणसाने कधी ना कधी पदरात घेऊन वाचवलं होतं, ते सगळे एकेक करून उठत होते आणि त्यांना अचानक माणूस दिसायला लागला होता. एकाही मायच्या लालाला उतार आठवला नाही. मी वहीवर डोकं खाली घालून बसले होते. मामाजी कोपऱ्यात काठी मांडीवर घेऊन बसले होते. ते वाट पाहत होते, हे मला दिसत होतं. कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारेल, त्यांनीच शिकवलेला, काहून? तू का नव्हतास? कुणी विचारलं नाही. आपणहून सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, 'पाणकर यांच्या निष्काळजीपणामुळे.' खाली सही केली, सचिव.

हे मला कुणी लिहायला लावलं नव्हतं. नवऱ्याने घरी एक शब्द काढला नव्हता. शब्द माझा, अक्षर माझं.

पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले. मामीजी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, पुन्हा सुपाकडे पाहिलं. आमच्याकडे वैरी दारात आला तरी आधी पाण्याचा गडवा पुढे येतो. तो आला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मी मामाजींना सगळं सांगितलं. नवरा, गाळ, मी वाढलेला भात, सगळं. ते म्हणाले, "मले ठाव हाय. दट्ट्याले दोरी बांधून ओढला. गाठ डाव्या हाताची होती. गावात डावखोऱ्या तुहा नवराच हाय."

म्हणजे बैठकीला बसले तेव्हाच त्यांना माहीत होतं. मी विचारलं की मग बोलला का नाहीत? ते म्हणाले की बोलून शेपटाला पाणी पोचणार आहे का, त्या पाटात गाळ भरला आहे, या वर्षी माझ्याकडून काढणं झालं नाही, त्याचा उतार तोच. मी म्हटलं, आणि मी? मी लिहिलं. मला माहीत होतं तुम्ही कुठे आहात, मीच पाठवलं होतं, तरी लिहिलं.

"तुले घर हाय, सूनबाई. नवरा हाय, लेकरं हायेत. तुह्या हातून दुसरं का होनार होतं?"

अगदी मायेने म्हणाले. आणि मला इतका संताप आला की मी उभी राहिले. हे मी आजवर कुणाला समजावू शकले नाही. लोक म्हणतात, माफ केलं ना, मग? माफ नव्हतं केलं. माफ करायला आधी गुन्हा पदरात टाकावा लागतो. त्यांनी मला गुन्हाच दिला नाही. पाट, गाळ, दगड, म्हैस आणि मी, सगळं एका ओळीत बसवून टाकलं. मी काही उताराने वाहत गेलेलं पाणी नव्हते. माझ्या हातात पेन होता, पेनाला टोपण होतं, आणि ते न काढणं मला जमलं असतं. मी हे सगळं त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग काहून काढलं?" मी तिथून निघून आले. मामीजी तांदूळ पाखडत होत्या.

संक्रांतीच्या सुमारास ती दोघं कारध्याला लेकीकडे राहायला गेली. समितीने तुडुमाला लोखंडी चाक बसवलं आणि त्याला कुलूप लावलं. किल्ली माजी सरपंचांकडे असते. म्हणजे बेचव भाजीत मीठ कमी म्हणून साखर घातली.

पुढल्या वर्षी पाणी सोडण्याआधीच्या बैठकीत मी उभी राहिले. घरी आदल्या दिवशी नवऱ्याला सांगितलं होतं की उद्या मी बोलणार आहे. तो बैठकीला आला नाही. मी वही उघडून गेल्या वर्षीचा ठराव वाचला आणि म्हटलं की हे खोटं आहे. दट्ट्या आमच्या घराने काढला, पाणकरांना मी लाखांदूरला पाठवलं होतं, आणि हे ठाऊक असून मी लिहिलं. मला वाटलं आता शिव्या येतील. दंड करा, मला पदावरून काढा, असं मीच म्हटलं. ढिवरांकडून मामाजींचा तो पुतण्या उठला आणि बाहेर गेला. त्याचं ते उठून जाणंसुद्धा मला चाललं असतं. पण आटाचक्कीवाला हसला. म्हणाला, "जाऊ द्या ना बाई. उतारच तसा होता." आणि लोक हसले, मोकळे होऊन, प्रेमाने. माजी सरपंचांनी चहा मागवला.

त्यांचा शब्द, त्यांच्याच मारेकरणीच्या कामाला आला. त्यांच्या कामाला आला नव्हता.

मी चहाला हात लावला नाही. जुना ठराव रद्द केल्याचा नवा ठराव तिथल्या तिथे लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेईपर्यंत दार अडवून उभी राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स घेऊन कारध्याला गेले.

लेकीचं घर वैनगंगेच्या काठाला. मामाजी ओट्यावर बसले होते. काठी होती, बाटली दिसली नाही. मामीजी आत भांडी घासत होत्या, दारातून मला पाहिलं आणि घासत राहिल्या. मी ठरावाचा कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, वाचता येत नव्हतं, तसाच मांडीवर ठेवला. मी सांगितलं की मी बैठकीत सगळं बोलले. ते म्हणाले की मग, लोक काय म्हणाले?

मी सांगितलं, "उतारच तसा होता, म्हणाले. आणि चहा प्याले."

मामाजींचा चेहरा मी बारा वर्षं पाहत होते. असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मांडीवरचा कागद उचलून बाजूला ठेवला.

"उतार पाहा म्हनलं होतं मी," ते म्हणाले. "पाहाले सांगतलं होतं. कुदळ घेऊन जाले सांगतलं होतं. उतार सांगून चहा पेवाले नव्हतं सांगतलं."

त्यांचा आवाज चढत होता आणि त्यांना तो उतरवता येत नव्हता, कारण सवय नव्हती.

"एकानं तरी इचाराले पाहिजे होतं. तू कोठी होता, म्हून. चाळीस वर्सं मी एकेकाच्या घरी जाऊन इचारलं. मले एकानं तरी इचाराले पाहिजे होतं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. पाहिजे होतं. या माणसाच्या तोंडून. मी म्हटलं, "मला विचारायचीही गरज नव्हती, मामाजी. मला ठाऊक होतं."

"हा," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागच्या पाटाकडे, गाळाकडे, नवऱ्याकडे, भावकीकडे नाही. माझ्याकडे. "तुले ठाव होतं. तुले लिव्हाले नाही पाहिजे होतं."

"नव्हतं लिहायला पाहिजे," मी म्हटलं.

आता पुढचा प्रश्न येईल म्हणून मी थांबले, मंग काहून लिव्हलं? त्यांनी विचारला नाही. ते रागाने नदीकडे तोंड करून बसून राहिले. मी तिथेच ओट्याच्या पायरीवर बसले आणि रडले.

थोड्या वेळाने मामीजी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा गडवा ठेवला आणि म्हणाल्या, "घे."